पांढऱ्या बोटांची मोजदाद

बोटं एकाएकी मेणासारखी पांढरी पडतात, मग निळसर होतात आणि ऊब मिळाली की लालबुंद होऊन ठणकू लागतात. पॅरिसच्या मॉरिस रेनॉ यांनी १८६२ मध्ये आपल्या वैद्यकीय प्रबंधात हे नोंदवलं, तेव्हा त्यांच्यापुढे जेमतेम २५ रुग्ण होते. काहींची बोटं काळी पडून सडलेली. साहजिकच हा दुर्मीळ आणि भयंकर आजार, असा समज पुढे बरीच वर्षं टिकला.

त्याला मोठा धक्का दगडकामाने दिला, असं मला वाटतं. १९१८ मध्ये अ‍ॅलिस हॅमिल्टन या अमेरिकी डॉक्टर इंडियानातल्या बेडफर्डला चुनखडीचे दगड घडवणाऱ्या कामगारांना भेटल्या. उजव्या हातात हवेच्या दाबावर चालणारा हातोडा, डाव्यात छिन्नी. गार सकाळी जास्त पांढरी पडत ती छिन्नी धरणाऱ्या डाव्या हाताची बोटं, आणि हा त्रास तिथल्या बहुतेकांना होता. तरी कंपनाने होणाऱ्या या त्रासाला ब्रिटनमध्ये भरपाईच्या यादीत जागा मिळायला १९८५ उजाडलं. ६७ वर्षं! याचा मला आजही राग येतो.

सर्वसामान्य प्रौढांची नीट मोजणी तर फारच उशिरा झाली. नुसतं ‘हात गार पडतात का’ विचारलं तर निम्मं गाव हो म्हणेल. म्हणून संशोधक हिल्डेगार्ड मॅरिक यांनी पांढऱ्या-निळ्या बोटांची रंगीत छायाचित्रंच लोकांपुढे ठेवली. दक्षिण कॅरोलिनातल्या उबदार चार्ल्स्टनमध्ये प्रमाण शेकडा ५ च्या आसपास निघालं, तर फ्रान्समधल्या आल्प्सच्या एका खोऱ्यात १७ च्या घरात. अमेरिकेतल्याच फ्रेमिंगहॅम या गावच्या पाहणीत स्त्रियांत शेकडा साडेनऊ, पुरुषांत आठ. २०१५ मध्ये अनेक पाहण्या एकत्र करून काढलेली सरासरी, मागे दुसरा आजार नसलेल्या प्रकारापुरती, शेकडा ५ भरली. म्हणजे वीस माणसांत एक.

२०२३ मध्ये ब्रिटनच्या बायोबँकेतल्या, म्हणजे लोकांच्या आरोग्याच्या नोंदींच्या साठ्यातल्या, माहितीतून, रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या एका जनुकाकडे बोट दाखवलं गेलं. ‘मला थंडीच सोसत नाही’ म्हणत गप्प बसणाऱ्या कितीतरी बायकांना आता ‘मनाचे खेळ’ असं ऐकवायची सोय उरली नाही, याचं मला फार समाधान आहे.

बहुतेकांना हातमोजे आणि ऊब पुरते. पण हे तिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालं, बोटांच्या टोकांना जखमा होऊ लागल्या किंवा कातडी ताठरली, तर मागे स्क्लेरोडर्मा हा कातडी ताठर करणारा आजार असू शकतो. अशा वेळी संधिवाततज्ज्ञ नखांच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकातून पाहतात आणि रक्ताची तपासणी करायला सांगतात.