ई-पुस्तकांचें स्वप्रकाशन आणि लेखकाचें अर्थार्जन

ग्रंथ लिहिणें हें एक काम आणि तो विकणें हें दुसरें. पहिल्या कामास लागणारे गुण दुसऱ्या कामास पुरतातच असें नाहीं. म्हणूनच लेखक आणि वाचक यांच्यामध्यें प्रकाशक नांवाचा तिसरा मनुष्य उभा राहिला. परंतु प्रकाशक न मिळाल्यामुळें, किंवा त्याच्यावर अवलंबून राहणें न रुचल्यामुळें, स्वतःच्या हिंमतीवर ग्रंथ काढणारे लेखक महाराष्ट्रास नवीन नाहींत. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठीं कंपनी काढून भांडवल उभारलें व ग्राहक मिळविण्यासाठीं स्वतः खटपट केली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. मात्र असें धाडस करणाऱ्या सामान्य लेखकाच्या घरीं शेवटीं बहुधा काय उरे, तर न खपलेल्या प्रतींचे गठ्ठे आणि छापखान्याचें बिल.

गठ्ठ्यांचें हें भय ई-पुस्तकानें नाहींसें केलें आहे. त्यामुळें घरोघरीं, विशेषतः सेवानिवृत्त मंडळींत व लिहिण्याची हौस असलेल्या गृहिणींत, एक नवी आशा उत्पन्न झाली आहे कीं, आपलें पुस्तक आपणच काढावें आणि त्यापासून चार पैसे मिळवावे. ही आशा कितपत साधार आहे, तिचा मार्ग कोणता व त्या मार्गांत खांचखळगे कोणते, याचा विचार करणें अगत्याचें आहे.

ई-पुस्तक म्हणजे कागदावर न छापतां यंत्राच्या पडद्यावर वाचावयाचें पुस्तक. अमेरिकेंत मायकेल हार्ट यानें १९७१ सालीं प्रोजेक्ट गुटेनबर्ग हा उपक्रम आरंभिला, तेव्हां त्यामागें विक्रीचा हेतु मुळींच नव्हता. ग्रंथ सर्वांस फुकट मिळावे हाच त्याचा उद्देश होता. विक्रीचें पर्व खऱ्या जोमानें सुरू झालें तें नोव्हेंबर २००७ पासून. त्या महिन्यांत ॲमेझॉन कंपनीनें किंडल हें वाचनयंत्र बाजारांत आणलें आणि त्याबरोबरच कोणाहि लेखकास आपलें पुस्तक परस्पर विक्रीस ठेवतां येईल अशी सोय केली. हीच सोय पुढें किंडल डायरेक्ट पब्लिशिंग या नांवानें प्रसिद्ध झाली. २०१० सालीं कंपनीनें ठराविक मर्यादेंतील किमतीच्या पुस्तकांवर शेंकडा ७० मोबदला देण्यास आरंभ केला. छापील पुस्तकावर लेखकास सामान्यतः शेंकडा १० च्या आसपास मानधन मिळतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या घोषणेनें लेखकवर्गांत केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना येते.

कृति दिसावयास सोपी आहे. मजकूर संगणकावर सिद्ध करावयाचा, तो कंपनीच्या संकेतस्थळावर चढवावयाचा, मुखपृष्ठ जोडावयाचें, चार ओळींत पुस्तकाचा परिचय लिहावयाचा आणि किंमत ठरवावयाची. बहुधा तीन दिवसांच्या आंत पुस्तक विक्रीस येतें. यासाठीं कंपनी कांहींहि फी घेत नाहीं. मात्र मराठी लेखकानें एका गोष्टीकडे आधीं लक्ष पुरवावें. जुन्या डीटीपी टंकांत जुळविलेला मजकूर युनिकोडमध्यें नसतो; त्यांतील अक्षरें डोळ्यांस मराठी दिसलीं तरी संगणकाच्या लेखीं तीं इंग्रजी चिन्हेंच असतात. असा मजकूर युनिकोडमध्यें आणतांना जोडाक्षरें तुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो आणि ऱ्हस्व वेलांटी आपली जागा सोडते. म्हणून रूपांतरानंतर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मुद्रितें तपासावींच लागतात. हें कंटाळवाणें काम जो टाळतो, त्याच्या पुस्तकाची निंदा पहिलाच ग्राहक करतो, आणि ती निंदा पुस्तकाखालीं सर्वांस दिसेल अशी राहते.

आतां पैशाचा हिशेब पाहूं. या कंपनीकडे मोबदल्याचे दोन दर आहेत, शेंकडा ३५ व शेंकडा ७०. अमेरिकेंत ७० चा दर मिळण्यास किंमत निदान २.९९ डॉलर ठेवावी लागते. त्या किमतीवर लेखकास प्रत्येक प्रतीमागें सुमारें २ डॉलर ९ सेंट मिळतात. तेंच पुस्तक स्वस्त असावें म्हणून ९९ सेंटला विकलें तर दर ३५ चा लागतो व हातीं पडतात जेमतेम ३५ सेंट. म्हणजे महाग पुस्तकाच्या एका प्रतीची बरोबरी करण्यास स्वस्त पुस्तकाच्या सहा प्रती खपाव्या लागतात. स्वस्ताई ही नेहमींच फायद्याची नसते, हा धडा यावरून मिळतो. शिवाय ७० च्या दरांत पुस्तकाच्या आकारमानाप्रमाणें पोंचवणावळ कापली जाते. चित्रांनीं भरलेल्या पाककृतींच्या पुस्तकास ती चांगलीच जाणवते.

भारतांतील विक्रीवर ७० चा दर हवा असेल तर पुस्तक ‘सिलेक्ट’ नांवाच्या योजनेंत घालावें लागतें. या योजनेची मुदत ९० दिवसांची असते व त्या मुदतींत तें ई-पुस्तक अन्यत्र विकतां येत नाहीं, मित्रमंडळींस फुकट वाटतांहि येत नाहीं. योजनेंतील पुस्तकें वर्गणीदार वाचकांस वेगळी किंमत न देतां वाचावयास मिळतात. आणि जुलै २०१५ पासून त्यांचा मोबदला प्रत्यक्ष वाचलेल्या पानांवर दिला जातो. पहिल्या दहा पानांनंतर वाचकानें पुस्तक मिटलें तर लेखकास दहाच पानांचे पैसे. लेखकाच्या कसोटीचा याहून निर्दय मापदंड क्वचितच असेल. विक्रीची रक्कमहि लगेच मिळत नाहीं; महिना संपल्यावर सुमारें साठ दिवसांनीं ती बँकेंत जमा होते.

खर्चाची बाजूहि मांडली पाहिजे. समजा, एका गृहस्थानें मुखपृष्ठ, संपादन व मुद्रितशोधन यांवर १५,००० रुपये खर्च केले आणि पुस्तकाची किंमत १०० रुपये ठेवली. करादि गोष्टी सोडून दिल्या तरी ३५ च्या दरानें घातलेले पैसे परत येण्यासच ४२९ प्रती खपाव्या लागतील. ७० च्या दरानें, पोंचवणावळ न धरतां, २१५. ओळखीच्या माणसांच्या भिडेवर इतक्या प्रती खपत नाहींत. तेथें अनोळखी वाचक मिळवावा लागतो, आणि खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

ज्यांनीं असा वाचक मिळविला त्यांचीं उदाहरणें बोधप्रद आहेत. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत राहणाऱ्या अमांडा हॉकिंग या तरुणीस प्रकाशकांनीं वारंवार नकार दिला होता. तिनें एप्रिल २०१० पासून आपल्या कादंबऱ्या स्वतःच विक्रीस ठेवल्या आणि वर्षभरांत दहा लाखांवर प्रती खपल्या. तथापि २०११ सालीं तिनें सेंट मार्टिन्स प्रेस या प्रकाशनसंस्थेशीं सुमारें वीस लाख डॉलरांचा करार केला. कारण पत्रव्यवहार, मुखपृष्ठें व संपादक शोधणें यांतच तिचा वेळ जाऊं लागला होता व लेखनास तो उरेना. अँडी विअर या संगणक-व्यावसायिकानें ‘द मार्शियन’ ही कादंबरी प्रथम आपल्या संकेतस्थळावर प्रकरणशः फुकट दिली. वाचकांच्याच आग्रहावरून २०१२ सालीं ती ९९ सेंटला किंडलवर आली, २०१४ सालीं क्राऊन या संस्थेनें ती छापील स्वरूपांत काढली, आणि २०१५ सालीं तिजवर चित्रपट निघाला. ह्यू हाउई यानें तर ‘वूल’च्या छपाईचे हक्क तेवढे २०१२ सालीं सायमन अँड शूस्टर या संस्थेस दिले व ई-पुस्तकाचे आपल्याकडेच राखले.

या तिघांत समान काय आहे, हें पाहण्यासारखें आहे. तिघांनींहि एका पुस्तकावर किंवा एका प्रकरणावर न थांबतां सतत लिहिलें. वाचकांशीं संबंध जोडला व त्यांचें म्हणणें ऐकलें. आणि विक्री हें लेखनाइतकेंच नेटानें करावयाचें काम मानलें. परंतु हीं नांवें सर्वांच्या मुखीं झालीं तीं अपवाद म्हणूनच, हेंहि विसरूं नये.

विक्रीच्या उपायांत ढोंगाचा उपाय मात्र कटाक्षानें टाळावा. जॉन लॉक हा स्वतः प्रकाशित केलेल्या किंडल पुस्तकांच्या दहा लाख प्रती खपविणारा पहिला लेखक म्हणून २०११ सालीं गाजला. पुढच्याच वर्षीं न्यूयॉर्क टाइम्स या पत्रानें असें उघडकीस आणलें कीं, त्यानें पैसे देऊन शेंकडों अभिप्राय लिहवून घेतले होते. मिळविलेल्या यशावर त्यामुळें कायमचा डाग पडला. प्रामाणिक उपाय साधे आहेत: बोटाच्या नखाएवढें दिसलें तरी वाचतां येईल असें मुखपृष्ठ, खरें सांगणारा परिचय, आरंभींचीं मोफत वाचावयास मिळणारीं पानें शक्य तितकीं सरस, आणि वाचकांच्या पत्त्यांची स्वतः जपलेली यादी.

मराठीपुरतें पाहिलें तर २०१६ च्या अखेरीस किंडलवर मराठी पुस्तकांची सोय झाली. बुकगंगासारखीं मराठी विक्रीस्थळें आहेत, आणि प्रतिलिपीसारख्या व्यासपीठावर क्रमशः लेखन करून वाचक जोडतां येतो. परदेशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांस टपालाचा खर्च न करतां पुस्तक मिळतें, हा मोठाच लाभ. उलट बाजूस, विकत घेतलेल्या पुस्तकाची प्रत व्हॉट्सॲपवर फुकट पाठविण्याची आपल्याकडील संवय लेखकाच्या मुळावर येते. ज्या घरांत शेजाऱ्याच्या झाडाचें फूल न विचारतां तोडीत नाहींत, त्याच घरांत लेखकाचें पुस्तक न विचारतां वाटलें जातें. वाचक ही संवय सोडील तेव्हांच मराठी लेखकाच्या अर्थार्जनाची भाषा अर्थपूर्ण होईल.

हक्कांविषयीं दोन शब्द. १९५७ च्या कायद्यान्वयें ग्रंथाचा स्वामित्वहक्क लिहितांक्षणींच लेखकाचा होतो, त्यासाठीं नोंदणी सक्तीची नाहीं, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षें टिकतो. भारतांत आयएसबीएन क्रमांक सरकारकडून विनामूल्य मिळतो. किंडलवरील ई-पुस्तकास तर तो लागतहि नाहीं. म्हणून या क्रमांकाच्या व ‘जागतिक प्रसिद्धी’च्या नांवाखालीं हजारों रुपये मागणाऱ्यांस दारांतूनच परत पाठवावें. निवृत्तिवेतनांतून सांठविलेला पैसा अशा ठिकाणीं जाणें यासारखें दुःख नाहीं. अमेरिकेंतील विक्रीवर तेथील सरकार एरवीं शेंकडा ३० कर कापतें. भारत-अमेरिका कराराचा लाभ घेण्याचा अर्ज नीट भरल्यास तो १५ वर येतो.

अलीकडे यंत्राकडून पुस्तकें लिहवून बाजार भरविण्याची लाट आली आहे. तिला आळा घालण्यासाठीं सप्टेंबर २०२३ पासून किंडलवर यंत्ररचित मजकूर कंपनीस कळविणें आवश्यक झालें, व एका दिवसांत नवीं पुस्तकें किती काढावीं यावरहि मर्यादा आली. या गर्दींत टिकेल तें ज्यांत माणसाचा अनुभव आहे असेंच पुस्तक. चाळीस वर्षें गणित शिकविलेल्या शिक्षकाचें गणितावरचें पुस्तक, किंवा एखाद्या गृहिणीनें पिढ्यान्‌पिढ्यांच्या कोंकणी रांधपाची केलेली नोंद, यांस यंत्राची भीति नाहीं.

तात्पर्य, या मार्गानें संसार चालेल अशा भरंवशावर कोणीं नोकरी सोडूं नये आणि ठेव मोडूं नये. परंतु खर्च आंवरून धरला, मुद्रितें स्वतः तपासलीं, हक्क हातचे सोडले नाहींत आणि एकामागून एक चांगलीं पुस्तकें लिहीत राहण्याची चिकाटी ठेवली, तर हळूहळू कां होईना, लेखकास आपल्या श्रमाचें मोल स्वतः ठरवितां येतें. पूर्वींच्या लेखकाच्या माळ्यावर गठ्ठे पडून राहत; आजच्या लेखकाचें पुस्तक पडून राहिलें तरी त्यास वाळवी लागत नाहीं, आणि दहा वर्षांनींहि एखादा वाचक तें शोधीत येऊं शकतो.