जांभळ्या शाईची आमदारकी

पदवीधर मतदारसंघाची मतमोजणी टेबलाशी बसून पाहिली की आमदारकी किती बारीक कामातून घडते, ते कळतं. इथं मतदानयंत्र नसतं. पेट्या उघडतात, सगळ्या मतपत्रिका एकत्र मिसळतात, त्यांचे गठ्ठे बांधले जातात आणि टेबलांवर वाटले जातात. मग कर्मचारी एकेक मतपत्रिका उलगडून प्रतिनिधींना दिसेल अशी धरतो. आयोगानं दिलेल्या जांभळ्या स्केच पेननं ‘१’ कोणापुढे लिहिलाय ते पाहतो आणि ती त्या उमेदवाराच्या कप्प्यात टाकतो. शंकेची मतपत्रिका वेगळी ठेवली जाते. तिचा निर्णय निवडणूक निर्णय अधिकारी, म्हणजे विभागीय आयुक्त, करतात.

अमरावती विभागाची मोजणी २ फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली, रात्रभर चालली आणि निकाल हाती यायला दुसरा दिवस उजाडला. मी एका उमेदवाराचा मोजणी प्रतिनिधी होतो. उमेदवार २३. वैध मतांच्या निम्म्यात एक मिळवला की कोटा ठरतो. पहिल्या पसंतीत तो कोणी गाठला नाही, तर सगळ्यात कमी मतांच्या उमेदवाराला बाद करायचं, त्याच्या प्रत्येक मतपत्रिकेवरची दुसरी पसंती पाहायची आणि ती मतपत्रिका त्या उमेदवाराच्या कप्प्यात हलवायची. मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. ज्या मतपत्रिकेवर पुढची पसंतीच नाही, ती तिथंच थांबते. मतदानकेंद्रावर एका मिनिटात लिहिलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या आकड्याला या मोजणीत किती वजन असतं, ते पहाटेच्या फेऱ्यांमध्ये दिसत होतं.

शेवटी बुलढाण्याचे धीरज लिंगाडे निवडून आले. दोन वेळा आमदार राहिलेले, २०१४ ते २०१९ या काळात राज्यमंत्री असलेले अकोल्याचे डॉ. रणजित पाटील हरले. फरक तीन हजारांच्या थोडा वर होता. बाद मतं मात्र आठ हजारांहून अधिक होती.

मला त्या बाद गठ्ठ्यानं अस्वस्थ केलं. कोणी ‘१’ ऐवजी बरोबरची खूण केलेली, कोणी दोघांपुढे ‘१’ लिहिलेला, कोणी आकडा अक्षरात लिहिलेला, कोणी खाली सही ठोकलेली. काहींनी खिशातलं स्वतःचं पेन वापरलेलं. आणि ही सगळी मतं पदवीधरांची. केंद्राच्या दारावर सूचना लावलेली असते, वृत्तपत्रांत छापून येते, केंद्रावरचे कर्मचारीही सांगतात. जय-पराजयाच्या फरकाच्या दुपटीहून जास्त माणसं रांगेत उभी राहिली, शाई लावून घेतली आणि त्यांचं मत मोजलंच गेलं नाही. ज्या मतदारसंघाची अट शिक्षण आहे, तिथं हे घडावं, याचं दुःख वाटतं.

कारण याच जागेनं वऱ्हाडाला एक फार मोठी आमदारकी दिली आहे.

महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत. त्यातल्या सात पदवीधरांच्या. अमरावती विभागाची जागा म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे. मेळघाटातल्या धारणीपासून यवतमाळच्या टोकाच्या वणीपर्यंत. विधानसभेच्या आमदाराला आपला तालुका असतो, तिथला रस्ता, पूल, सभागृह असतं. पदवीधरांच्या आमदारानं आपला निधी पाच जिल्ह्यांत वाटला, तर कुठल्याच गावात त्याची ठळक खूण उरत नाही. त्याच्या हातात उरतं ते सभागृह, आणि सभागृहात विचारलेला प्रश्न.

प्रा. बी. टी. देशमुख यांनी १९८० पासून तीस वर्षं हे एक साधन वापरलं. अमरावतीचे हे प्राध्यापक ‘नुटा’ या शिक्षक संघटनेचे नेते. संघटना नागपूर विद्यापीठाच्या काळात उभी राहिली. १९८३ मध्ये अमरावतीला वेगळं विद्यापीठ झालं, तरी नाव तेच राहिलं आणि ती दोन्ही विद्यापीठांत काम करत राहिली. वऱ्हाडातल्या महाविद्यालयांत आजही त्यांचा उल्लेख ‘बी.टी.’ एवढाच होतो.

विधिमंडळाच्या छापील प्रश्नोत्तरांची यादी ज्यानं वाचली आहे, त्याला प्रश्नाचा साचा पाठ असतो. आधी एक निश्चित माहिती: अमुक ठिकाणी, अमुक तारखेला, अमुक आदेशानंतरही अमुक काम झालं नाही, ‘हे खरे आहे काय?’ मग ‘असल्यास’ काय कार्यवाही केली. आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ मंत्र्याचं उत्तर ‘हे खरे नाही’ असं आलं, तर पुढचे दोन्ही भाग ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणून मिटतात. म्हणजे प्रश्नाचा जीव पहिल्या ओळीत असतो. तिथला आदेश क्रमांक चुकला, तारीख चुकली, रक्कम चुकली, तर खातं सुटलं. ती बिनचूक असली, तर ‘अंशतः खरे आहे’ एवढं तरी सरकारला कागदावर द्यावं लागतं. आणि एकदा सभागृहाच्या पटलावर आलेली कबुली पुढच्या अधिवेशनात, लक्षवेधीत, अर्ध्या तासाच्या चर्चेत, थेट न्यायालयापर्यंतही वापरता येते.

बी.टीं.नी हेच काम अनुशेषाच्या प्रश्नावर केलं. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीनं १९८४ मध्ये रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा नऊ क्षेत्रांत जिल्ह्यांची तुलना राज्याच्या सरासरीशी केली. जिल्हा सरासरीपर्यंत आणायला लागणारी रक्कम म्हणजे त्याचा अनुशेष. राज्याचा आकडा निघाला ३,१८६ कोटी ७८ लाख रुपये. त्यात विदर्भाचा वाटा १,२४६ कोटी ५४ लाख, म्हणजे ३९ टक्के. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीनं १९९४ च्या स्थितीवर हिशेब केला, तेव्हा राज्याचा अनुशेष १४,००६ कोटी ७७ लाख झाला होता आणि विदर्भाचा वाटा ४७ टक्क्यांवर गेला होता. किमती वाढल्या म्हणून रक्कम फुगली, हे समजू शकतं. पण वाटा का वाढला? दहा वर्षं अनुशेष दूर करण्याच्या घोषणा होत असताना विदर्भ सरासरीपासून आणखी लांब गेला होता, एवढाच याचा अर्थ होतो.

हे समजायला अर्थसंकल्पाची पुस्तकं उघडून बसावं लागतं. तरतूद किती, प्रत्यक्षात दिली किती, खर्च किती, आणि मार्चअखेर ती कुठं वळवली. घटनेच्या ३७१(२) कलमानं राज्यपालांवर समन्यायी निधीवाटपाची विशेष जबाबदारी टाकता येते. ते कलम १९५६ पासून घटनेत असूनही वैधानिक विकास मंडळं १९९४ मध्ये आली. त्यानंतर राज्यपालांचे निर्देश निघू लागले. ते पाळले जातात का, याचा पाठपुरावा बी.टी. सभागृहात करत राहिले आणि हा लढा नागपूर खंडपीठातही घेऊन गेले. अनुशेष हा सभेत टाळ्या घेणारा विषय नाही. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, जमिनीखालचं पाणी पिकाला चालत नाही. तिथं कालव्याचं पाणी येतं की नाही, हे त्या आकड्यांवर ठरतं. सिंचनाचा अनुशेष शेवटपर्यंत ज्या चार जिल्ह्यांत रेंगाळला, ते अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा. चारही याच मतदारसंघातले.

तीस वर्षांनंतरच्या निवडणुकीत डॉ. रणजित पाटलांनी त्यांना हरवलं. जागा संघटनेकडून पक्षाकडे गेली. पक्षाच्या आमदाराला मंत्रालयाचं दार लवकर उघडतं, हे मतदारांनी पाहिलं आणि त्यात काही गैर नाही. पण विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, तेव्हा वऱ्हाडातल्या लाखो पदवीधरांमधून जो आवाज उठायला हवा होता, तो उठला नाही. हे अपयश एकट्या आमदाराच्या माथी मारता येणार नाही.

याची सुरुवात मतदार यादीपासून होते. पदवीधरांची यादी दर निवडणुकीला कोऱ्या पानावरून तयार होते. मागच्या वेळी मत दिलेल्यालाही नमुना १८ नव्यानं भरावा लागतो. १ नोव्हेंबर ही अर्हता तारीख. त्याआधी पदवीला तीन वर्षं झालेली हवीत, पदवीची प्रत साक्षांकित हवी, अर्ज मुदतीत तहसीलला पोचायला हवा. मुदत नेमकी सोयाबीन घरात येण्याच्या आणि कापसाच्या पहिल्या वेचणीच्या दिवसांत येते. मी अकोल्यात आणि मूर्तिजापुराकडच्या गावांत हे अर्ज भरून घेतले आहेत. एका कृषी केंद्रावर बसलेला बी.कॉम. झालेला तरुण शेतकरी म्हणाला, “सर, आमदार त कोनीबी होते. यानं मले काय भेटते?” त्याची पदवी गावातल्या घरी पेटीत होती आणि फोटोकॉपीला तालुक्याला जावं लागणार होतं. त्याचा प्रश्न खरा होता. मी त्याला त्याच्याच गावच्या बंद पडलेल्या लघुसिंचन कामाबद्दल विचारलं. कार्यारंभ आदेश कोणत्या साली निघाला, हे त्याला तारखेसह पाठ होतं. ग्रामपंचायतीचा ठरावही त्याच्या मोबाइलमध्ये होता.

मला जे सांगायचं आहे, ते इथंच आहे. त्या तरुणाकडे होता तो प्रश्नाच्या पहिल्या ओळीचा मजकूर. बिनचूक तारीख, आदेश, जागा. आमदार कितीही अभ्यासू असला, तरी पाच जिल्ह्यांतलं प्रत्येक अडलेलं काम त्याला एकट्याला दिसणार नाही. बी.टीं.च्या मागे महाविद्यालया-महाविद्यालयातून उभी असलेली संघटना होती. वाचणारी, कागद जपणारी, हिशेब विचारणारी माणसं होती. त्या माणसांविना ती आमदारकी तीस वर्षं टिकली नसती. आज पदवीधर तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहेत, आणि माहितीचा अधिकार २००५ पासून प्रत्येकाच्या हातात आहे. तरी आपण आमदाराकडे जातो ते बदलीची चिठ्ठी, शिफारस, कार्यक्रमाचं निमंत्रण घेऊन. सभागृहात विचारता येईल असा कागद घेऊन फार थोडे जातात.

पुढची निवडणूक २०२९ मध्ये आहे. यादीची अर्हता तारीख १ नोव्हेंबर २०२८ असेल. अर्ज तर भराच, आणि मत देताना आकडा आकड्यातच लिहा, दिलेल्या पेननंच लिहा. पण २०२८ ची वाट न पाहता आजच करता येईल असंही काम आहे. आपल्या गावातलं एक अडलेलं काम निवडा. त्याचा आदेश, त्याची रक्कम, त्याची तारीख मिळवा. ‘हे खरे आहे काय?’ या साच्यात ते एका पानावर लिहा, खाली पुरावा जोडा आणि अधिवेशनाच्या पुरेसं आधी आपल्या आमदाराला द्या, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. प्रश्न यादीत आला का, उत्तर काय आलं, हे विचारायला पुन्हा जा. उत्तर ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं आलं, तर पहिली ओळ दुरुस्त करून पुढच्या अधिवेशनात तो प्रश्न पुन्हा पाठवा.