मुहमालाईचे सुरुंगशोधक : एका संपणाऱ्या व्यवसायाचे शिक्षण

युद्ध संपल्यावर जमिनीत मागे राहिलेले भूसुरुंग आणि न फुटलेला दारूगोळा काढून ती जमीन शेती, वस्ती आणि वाहतुकीसाठी पुन्हा खुली करणे, याला मानवतावादी सुरुंगनिर्मूलन म्हणतात, आणि लष्करी सुरुंगकामापासून ते मुळातच वेगळे आहे. आगेकूच करणाऱ्या सैन्याला सुरुंगांतून फक्त वाट हवी असते, तीही लवकर, आणि त्यासाठी काही धोका पत्करणे हा त्या कामाचाच भाग मानला जातो. पुण्याजवळच्या खडकीत मुख्य ठाणे असलेल्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलाचे प्रेमिंद्रसिंग भगत यांनी 1941 साली ॲबिसिनियात (आजच्या इथिओपियात) चार दिवस अखंड काम करून 55 मैलांच्या मार्गावरील पंधरा सुरुंगक्षेत्रे शोधली व साफ करवून घेतली, त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण याच पद्धतीने, याच वेगाने काम करणाऱ्या माणसाला आजच्या मानवतावादी संस्थेत पहिल्याच दिवशी कामावरून बाजूला केले जाईल. येथे वाट काढायची नसते, तर आखून दिलेल्या क्षेत्रातील प्रत्येक चौरस मीटर ठरलेल्या खोलीपर्यंत निर्धोक करायचा असतो, आणि त्यासाठी लागणारा माणूस धाडसी असण्यापेक्षा चिवट आणि नियमाला धरून राहणारा असावा लागतो.

असा माणूस घडवण्याचे शास्त्र गेल्या साडेतीन दशकांत उभे राहिले. 1988 साली अफगाणिस्तानात ब्रिटनच्या हेलो ट्रस्टचे काम सुरू झाले, पुढच्या वर्षी माइन्स ॲडव्हायझरी ग्रुप ही संस्था निघाली, आणि 1997 च्या ओटावा कराराने व्यक्तिविरोधी सुरुंगांवर बंदी घालून सदस्य देशांना आपली जमीन साफ करण्यासाठी दहा वर्षांची मुदत दिली. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली तयार झालेली आंतरराष्ट्रीय मानके, म्हणजे सर्व संस्थांनी पाळायच्या कार्यपद्धतींचे नियम, हा या व्यवसायाचा कणा आहे. ओटावा करारावर भारताने सही केलेली नाही. श्रीलंका मात्र डिसेंबर 2017 मध्ये त्यात सामील झाली, आणि तिची मुदत जून 2028 मध्ये संपते.

श्रीलंकेच्या उत्तरेला, जाफना द्वीपकल्पाच्या गळ्याशी, एलिफंट पासच्या पुढे मुहमालाई हे गाव आहे. श्रीलंकेचे लष्कर आणि एलटीटीई ही तमिळ बंडखोर संघटना यांच्या आघाडीच्या रेषा वर्षानुवर्षे येथे समोरासमोर होत्या, त्यामुळे ताडाच्या झाडांनी भरलेली ही रेताड जमीन जगातील अतिदाट सुरुंगक्षेत्रांपैकी एक ठरली. येथे सापडणारे बरेच सुरुंग पाकिस्तानी बनावटीच्या पी-4 प्रकारचे आहेत. त्यात साधारण 30 ग्रॅम स्फोटक असते, ज्याने माणूस बहुधा मरत नाही, पाय गमावतो. एलटीटीईने त्याचीच नक्कल करून स्वतःचे सुरुंग बनवले, शिवाय लाकडी पेटीतले ‘जॉनी’ सुरुंगही पेरले, आणि त्यांच्या फारशा नोंदी मागे राहिल्या नाहीत.

2009 च्या मे महिन्यात युद्ध संपले, तेव्हा या भागात शेती बंद, मासेमारी विस्कळीत आणि घरचा कर्ता पुरुष मेलेला किंवा बेपत्ता, अशी अवस्था हजारो कुटुंबांत होती. सुरुंगनिर्मूलन हे अशा वेळी नियमित पगार देणाऱ्या मोजक्या कामांपैकी एक होते, आणि म्हणून भरतीला आलेल्यांत युद्धविधवा व एकट्याने घर चालवणाऱ्या स्त्रियांची संख्या लक्षणीय राहिली. हेलो ट्रस्ट आणि माइन्स ॲडव्हायझरी ग्रुप या परदेशी संस्थांबरोबरच 2010 मध्ये स्थापन झालेली डॅश ही श्रीलंकेची स्वतःची संस्थाही येथे काम करते. बाहेरच्या वाचकाला या स्त्रियांचे शौर्य आधी दिसते. त्यांना स्वतःला मात्र आधी पगाराची तारीख दिसली असणार, आणि त्यात काही उणे नाही.

प्रशिक्षण काही आठवड्यांचे असते आणि ते स्फोटकांच्या रसायनशास्त्रापेक्षा शरीराच्या सवयींवर अधिक भर देते. उमेदवार आधी पट्टी आखायला शिकतो, म्हणजे साधारण मीटरभर रुंदीच्या, दोन्ही बाजूंना खुणेच्या खुंट्या किंवा रंगवलेले दगड असलेल्या मार्गिकेत राहूनच काम करायला. तिच्याबाहेर पाऊल, गुडघा किंवा अवजार ठेवायचे नाही. मग धातुशोधक यंत्र येते, जे रोज सकाळी ज्ञात खोलीवर पुरलेल्या नमुन्यावर तपासूनच हाती घ्यायचे असते. यंत्र वाजले की आवाजाचा मध्य पक्का करून तेथे खूण ठेवली जाते, पण खणायला सुरुवात खुणेवर होत नाही. तिच्या अलीकडे वीतभर अंतरावरून ठरलेल्या खोलीपर्यंत उतरून, मातीची उभी भिंत थोडी थोडी तासत पुढे सरकायचे असते, कारण सुरुंगाची दाबाची तबकडी वरच्या बाजूला असते आणि कुशीतून गेल्यास ती दाबली जात नाही. सुरुंगाची कड दिसताच शोधकाचे काम संपते. तो हात लावत नाही, मागे येतो आणि पर्यवेक्षकाला बोलावतो. पुढे काय करायचे हे त्या अधिकाराचे प्रमाणपत्र असलेली व्यक्तीच ठरवते.

मुहमालाईत या पद्धतीची एक मोठी अडचण होती. तोफगोळ्यांच्या कपच्या आणि काडतुसांच्या पुंगळ्या इतक्या विखुरलेल्या होत्या की यंत्र सतत वाजत राही, आणि ज्या सुरुंगाला शोधायचे त्यात धातू मात्र नाममात्र. श्रीलंकेत यावर दंताळ्याचा उपाय रूढ झाला. लांब दांड्याच्या जड दंताळ्याने आणि लवचिक दातांच्या हलक्या दंताळ्याने आधी खणलेल्या चरातून समोरची माती बाजूने ओढत नेली की सुरुंग उघडा पडतो. आणि चुकून फुटलाच, तर शोधक व स्फोट यांच्यात दांड्याएवढे अंतर उरते. कोट्यवधींच्या यंत्रांच्या काळात परसातल्या अवजाराने बाजी मारावी, हे विक्रेत्यांना रुचणारे नसले तरी मऊ, वालुकामय जमिनीत ते खरे ठरले. अर्थात सर्व माती ठरलेल्या खोलीपर्यंत उपसावी लागत असल्याने हे काम कमालीचे संथ आणि कंबर मोडणारे आहे. पाच मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटचे मुखकवच आणि छातीवरचा जड संरक्षक अंगरखा उन्हात चढवून काम करताना ठरावीक वेळाने विश्रांती सक्तीची असते. घामाने धुरकटलेले मुखकवच वर सरकवणे हा सर्वांत साधा, सर्वांत सामान्य आणि म्हणूनच सर्वांत कडकपणे रोखला जाणारा नियमभंग आहे.

प्रत्येक तुकडीबरोबर प्रथमोपचारक आणि जखमीला हलवणारे वाहन असते, आणि अपघाताचा सराव पुन्हा पुन्हा केला जातो. स्फोट झाला की जवळच्याने धावत जायचे नाही, हे शिकवायला सर्वांत अवघड जाते, कारण ते माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. सर्वांचे काम थांबते आणि जखमीपर्यंतची वाट आधी तपासून मगच त्याला बाहेर आणले जाते.

बढतीची शिडी साधी पण उभी आहे. शोधकाचा गटप्रमुख, गटप्रमुखाचा क्षेत्र-पर्यवेक्षक, त्यापुढे कार्यवाही अधिकारी. याशिवाय यंत्रतपासनीस, नकाशे व माहिती सांभाळणारे आणि गावोगाव फिरून लोकांच्या आठवणींवरून धोक्याची हद्द ठरवणारे सर्वेक्षक अशा आडव्या वाटाही आहेत. या सर्वेक्षकांचे महत्त्व अनेकदा कमी लेखले जाते. गुरे कोठे चरायला नेत नाहीत हे नीट विचारणारा माणूस कित्येक महिन्यांचे खणणे वाचवू शकतो. स्फोटके नष्ट करण्याच्या पात्रतेला स्वतंत्र टप्पे आहेत: पहिल्या टप्प्यावरचा कर्मचारी ठरावीक वस्तू जागच्या जागी नष्ट करू शकतो, दुसऱ्यावरचा एखादी वस्तू हलवणे सुरक्षित आहे का हे ठरवू शकतो, आणि तिसऱ्यावरचा गुंतागुंतीच्या दारूगोळ्याचा सुरक्षितपणे निकाल लावू शकतो. कोसोवोतील पेया शहरात अशा शिक्षणाचे केंद्र आहे. भारतापुरते सांगायचे तर पुण्यात मार्च 2016 मध्ये ‘फोर्स 18’ हा अठरा देशांचा लष्करी सराव झाला, त्याचा एक विषय मानवतावादी सुरुंगकार्य होता, आणि भारतीय पथकाचे नेतृत्व लष्करी अधिकारी सोफिया कुरेशी यांच्याकडे होते.

या कारकिर्दीची चमत्कारिक गोष्ट अशी, की ती यशस्वी झाली तर संपते. मोझांबिक 2015 मध्ये सुरुंगमुक्त जाहीर झाला, आणि तेथील शोधकांच्या हाताला त्या कामाची गरज उरली नाही. श्रीलंकेत मुदत जवळ येत असताना हाच प्रश्न शेकडो घरांपुढे आहे. परदेशातील मोहिमांवर जाण्याची संधी मुख्यतः पर्यवेक्षक व तंत्रज्ञांना मिळते. गुडघ्यावर बसून माती उपसणाऱ्या बाईला, जिची मुले शाळेत आहेत, ती संधी फारशी उपयोगाची नाही. देणगीदार निधी मोकळ्या केलेल्या चौरस मीटरांवर मोजतात, त्यामुळे वाहनचालन, प्रथमोपचार, हिशेब किंवा शेतीपूरक धंद्याचे शिक्षण काम चालू असतानाच देण्याचा विचार बहुधा उशिरा होतो. प्रवेशाच्या प्रशिक्षणावर जेवढा काटेकोर खर्च होतो, तेवढाच निवृत्तीच्या प्रशिक्षणावरही कराराच्या पहिल्या वर्षापासून व्हायला हवा.