अम्मान वसवणारे निर्वासित

जॉर्डनची राजधानी अम्मान दीडशे वर्षांपूर्वी जवळजवळ ओसाड होती. १८७८ साली शाप्सुग जमातीची सर्केशियन कुटुंबं तिथे पोहोचली आणि रोमन काळातल्या पडक्या नाट्यगृहाच्या कमानींखाली त्यांनी बिऱ्हाडं थाटली. हळूहळू शेती उभी राहिली, चाकांच्या बैलगाड्या फिरू लागल्या. याच समाजातले सईद अल-मुफ्ती १९५०मध्ये जॉर्डनचे पंतप्रधान झाले. राजवाड्याच्या पहाऱ्यावर पारंपरिक वेशातले सर्केशियन रक्षक आजही असतात.

ही मंडळी मूळची कॉकेशसची. काळ्या समुद्राचा ईशान्य किनारा आणि त्यामागचे डोंगर हा त्यांचा मुलूख. स्वतःला ते ‘अदिगे’ म्हणवतात. रशियाशी त्यांचा झगडा १७६३पासूनचा. १८२९च्या एड्रियानोपलच्या तहात ऑटोमन सुलतानाने हा किनारा परस्पर रशियाला देऊन टाकला. सर्केशियन त्याची प्रजा कधी नव्हतेच! १८६१मध्ये त्यांनी सोचीजवळ स्वतःची मजलिस स्थापली, त्सार दुसऱ्या अलेक्झांडरची भेटही घेतली. उत्तर ठरलेलं होतं: डोंगर सोडून कुबान नदीकाठच्या सपाटीवर या, नाहीतर तुर्कस्तानात चालते व्हा. सेनापती येव्दोकिमोव्हच्या फौजांनी गावंच्या गावं जाळत लोकांना समुद्राकडे रेटलं. २१ मे १८६४ रोजी क्बाआदा इथे रशियाने विजयाचं संचलन केलं.

खच्चून भरलेली गलबतं त्राब्झोन, सामसुन या ऑटोमन बंदरांना लागली, तिथे देवी आणि टायफसने माणसं पटापट मेली. हद्दपार झालेल्यांचा आकडा कमीत कमी चार-पाच लाख. काही अभ्यासक तो दहा लाखांच्या पुढे नेतात. अनेकांना ऑटोमनांनी बाल्कनमध्ये वसवलं, पण १८७७-७८च्या रशिया-ऑटोमन युद्धानंतर तिथूनही उठावं लागलं.

उबिख जमात तर जवळपास संपूर्णच देशोधडीला लागली. तिच्या भाषेत ८०हून अधिक व्यंजनं, मराठीच्या दुपटीहून जास्त, आणि स्वर अवघे दोन! फ्रेंच अभ्यासक जॉर्ज द्युमेझिल यांनी अनेक वर्षं खपून ती नोंदवली. अस्खलित बोलणारे शेवटचे गृहस्थ, तेवफिक एसेन्च, १९९२मध्ये तुर्कस्तानात वारले.

क्बाआदाचं आजचं नाव क्रास्नाया पोल्याना. २०१४च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमधल्या बर्फावरच्या शर्यती इथेच झाल्या, हद्दपारीला बरोबर दीडशे वर्षं होत असताना. जगभरच्या सर्केशियनांनी निषेध केला आणि तो रास्तच होता. जॉर्जियाच्या संसदेने २०११मध्ये या हद्दपारीला वंशसंहार म्हटलं. रशियाने अजून मान्य केलेलं नाही.