फ्रेडी मर्क्युरीच्या तबकड्या

पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत १९५५ सालीं झांझिबारहून आठ वर्षांचा एक पारशी मुलगा शिकावयास आला. त्याचें नांव फारोख बुलसारा. पियानोवरचा त्याचा हात तेथेंच तयार झाला आणि १९५८ च्या सुमारास शाळासोबत्यांना घेऊन त्यानें एक वाद्यवृंदही उभा केला. १९६४ सालीं हें कुटुंब इंग्लंडांत गेलें. पुढें १९७० मध्यें स्थापन झालेल्या ‘क्वीन’ या रॉक मंडळाचा गायक फ्रेडी मर्क्युरी तो हाच.

विलायतेंत गाण्याचें यश मोजण्याची रीत श्रोत्यांस ठाऊक असावी. कोणत्या गाण्याच्या तबकड्या किती खपल्या, याची दर आठवड्यास निवडक दुकानांतून मोजदाद होई व तीवरून क्रमवारी छापली जाई. या यादींत खप दिसतो, गुण नव्हे. परंतु गायकास पुढल्या ध्वनिमुद्रणासाठीं पैसा मिळेल कीं नाहीं, हें पुष्कळ अंशीं तीच ठरवी.

१९७५ सालीं मर्क्युरीनें ‘बोहीमियन ऱ्हॅप्सडी’ रचलें, तेव्हां मंडळ कर्जांत होतें. तरीही त्यानें सोपा मार्ग धरला नाहीं. या गाण्यास ध्रुवपद नाहीं. आरंभ हळुवार, मध्यें ऑपेराच्या धर्तीचा कल्लोळ, मग रॉकचा दणका आणि शेवटीं पुन्हां शांत सूर. मधल्या भागांत मोठा समूह गात असावा असें वाटतें. वस्तुतः गाणारे तिघेच, मर्क्युरी, ब्रायन मे व रॉजर टेलर. २४ पट्ट्यांच्या ध्वनिफितीवर त्यांनीं आपलेच आवाज पुनःपुन्हां भरले, भरलेल्या पट्ट्या एकत्र मिसळून जागा मोकळी केली, आणि पुन्हां गायिले. फीत यंत्रांतून इतक्या वेळां फिरली कीं तिचा लेप झिजून प्रकाशाकडे धरतां आरपार दिसूं लागलें, असें मंडळींनीं पुढें सांगितलें. गळ्याइतकीच चिकाटीही येथें कामास आली.

गाणें झालें ५ मिनिटें ५५ सेकंदांचें. नभोवाणीवर तीन मिनिटांचीं गाणीं चालत, म्हणून कंपनीनें कात्री लावण्याचा आग्रह धरला. तो मर्क्युरीनें मानला नाहीं. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील केनी एव्हरेट याच्या हातीं एक प्रत पडली आणि एका शनिवार-रविवारीं त्यानें ती वारंवार ऐकविली. गिऱ्हाइकें दुकानांत विचारूं लागलीं. तबकडी मात्र अद्याप निघावयाची होती! ती ३१ ऑक्टोबर १९७५ रोजीं निघाली, नोव्हेंबरअखेर पहिल्या क्रमांकावर गेली व तेथें ९ आठवडे राहिली.

एकट्याच्या नांवानें काढलेल्या तबकड्यांस असें भाग्य लाभलें नाहीं. १९८७ सालीं ‘द ग्रेट प्रिटेंडर’ चौथ्या क्रमांकापर्यंत पोंचलें. त्यापूर्वीं १९८५ मध्यें ‘लिव्हिंग ऑन माय ओन’ तर पन्नासाव्यापुढें सरकलेंच नाहीं. २४ नोव्हेंबर १९९१ रोजीं एड्समुळें जडलेल्या न्यूमोनियानें तो वारला. डिसेंबरांत ‘ऱ्हॅप्सडी’ पुन्हां काढण्यांत आलें, ५ आठवडे पहिलें राहिलें, व त्याचें उत्पन्न एड्सपीडितांसाठीं झटणाऱ्या संस्थेस देण्यांत आलें. १९९३ सालीं तें उपेक्षित ‘लिव्हिंग ऑन माय ओन’ही नव्या तालावर बांधून निघालें आणि पहिल्या क्रमांकावर चढलें. आवाज १९८५ चाच होता.