काचगृहातील ऊब

हॉलंडमध्ये हेग आणि रॉटरडॅम या शहरांच्या दरम्यान वेस्टलँड नावाचा मुलूख आहे. तेथे भर हिवाळ्यात काचेच्या छपराखाली टोमॅटोची रोपे वाढत असतात. बॉयलरमध्ये तापविलेले पाणी रोपांच्या ओळींमधील लोखंडी नळ्यांतून फिरते आणि आतली ऊब टिकवते.

पुष्कळ बॉयलरांत नैसर्गिक वायू जाळतात. तो स्वच्छ जळला म्हणजे त्याचा धूरही वाया जात नाही. त्यातील कार्बन डायऑक्साइड काचगृहात सोडतात, कारण तो रोपांचे अन्नच होय. परंतु बर्नरला हवा कमी पडून ज्वलन अर्धवट झाले, की त्याच धुरातून एथिलीन आणि कार्बन मोनॉक्साइड आत येतात. दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी एथिलीन टोमॅटोची फुले गाळण्यास पुरते. कार्बन मोनॉक्साइड तर माणसाच्याच जिवावर उठतो.

म्हणून जाणता मळेवाला उन्हाळ्यातच कामाला लागतो. बर्नर साफ करून धुरातील वायू मोजतो. पाण्यातील क्षारांचा थर बॉयलरमध्ये बसला तर उष्णता अडते आणि पाण्यात मुरलेला प्राणवायू नळ्या गंजवतो. म्हणून पाणी तपासतो. जादा पंप चालवून पाहतो, तापमापक पडताळतो, धोक्याची घंटा वाजवून बघतो. काच ऊब फार वेळ धरून ठेवीत नाही. कडाक्याच्या रात्री पंप थांबला, तर मिस्त्री येईपर्यंत पीक हातचे जाते. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपले शहाणपण तेथेही तितकेच खरे आहे.