हिशेब सरकारचा, उपासना भाविकाची

राज्यघटना लागू झाली त्याच वर्षी, १९५० साली, मुंबई राज्याने सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा कायदा केला. देवाच्या नावाने जमलेल्या पैशाचा हिशेब लागावा, हा हेतू रास्तच होता. पण सरकारने धर्मस्थळात कुठवर यायचे? एका जैन देरासराचे व्यवस्थापक आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त हा प्रश्न घेऊन न्यायालयात गेले.

मार्च १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन दिवसांच्या अंतराने दोन निकाल दिले. पहिला उडुपीच्या शिरूर मठाचा. धर्म म्हणजे नुसती श्रद्धा नव्हे, पूजाअर्चा आणि आचारही त्यात येतात, असे न्यायालयाने सांगितले. मद्रासच्या कायद्याने आयुक्तांना मठात सरसकट प्रवेशाची मुभा दिली होती, ती रद्द झाली. दुसरा निकाल मुंबईचा. नोंदणी आणि हिशेबतपासणी वैध ठरली, पण धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमण्याची तरतूद टिकली नाही.

१९६२ चा निकाल मात्र आजही खटकतो. समाजातून बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा मुंबईचा १९४९ चा कायदा दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर चार विरुद्ध एक मताने रद्द झाला. सरन्यायाधीश सिन्हा तेवढे विरोधात राहिले. धर्मसंस्थेचे स्वातंत्र्य राखले गेले, पण बहिष्कृत माणसाला आपल्याच दफनभूमीत जागा मिळेल, याची हमी उरली नाही.

१९८६ साली न्यायालय एकेकट्या माणसाच्या बाजूने ठाम उभे राहिले. केरळातली यहोवा पंथाची तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. त्यासाठी त्यांना शाळेतून काढले होते. गायलाच हवे असा कायदा नाही, नुसत्या खात्याच्या परिपत्रकाने मूलभूत हक्क हिरावता येत नाही, असे सांगून न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यांना परत शाळेत घ्यायला लावले.

महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या निकालाचा फेरविचार नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. सरकारने पूजेत लुडबूड करू नये, हे १९५४ मध्येच ठरले. पण धर्मस्वातंत्र्य फक्त मठाधिपतींचे आणि धर्मगुरूंचे नाही. ज्याला आपल्याच लोकांनी वाळीत टाकले, त्याचेही ते आहे, आणि त्याच्या रक्षणासाठी कायदा करणे हा हस्तक्षेप नसून सरकारचे कर्तव्यच आहे.